तिरंदाजाने कोठे उभे राहावे

मराठी घरात फाशांना कधीच चांगले नाव मिळाले नाही. धर्मराजाने भर सभेत राज्य, भाऊ, स्वतः आणि पत्नी अशा क्रमाने सर्वस्व पणास लावले, तेव्हापासून फासा म्हटला की थोरांच्या कपाळावर आठी उमटते. सारीपाट शंकर-पार्वतीही खेळत असत, म्हणून तो कसाबसा टिकला. सापशिडीला मुलांचा खेळ म्हणून माफी मिळाली. असे असता गेली तीन वर्षे दर रविवारी दुपारी काचीगुड्यातील आमच्या घरी वीस बाजूंचे फासे खुळखुळतात, आणि तो आवाज कानी पडावा म्हणून आम्ही आठवडाभर वाट पाहतो, हे वाचून आमच्या जुन्या स्नेह्यांस नवल वाटेल. आम्ही तेथे नुसते प्रेक्षकही नाही. आमच्या नावावर एक तिरंदाज आहे. तो कसा घडविला आणि त्याला घडविताना आमच्या पदरात काय पडले, ते सांगण्यासारखे आहे.

प्रथम खेळाविषयी. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेस त्याच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. त्यापूर्वी हौशी मंडळी टेबलावर सैनिकांच्या बाहुल्या मांडून लुटुपुटीच्या लढाया करीत. या दोघांनी त्यात एकच पालट केला, पण तो मोठा होता. खेळाडूने सबंध सैन्य न हलविता एकाच व्यक्तीचा कैवार घ्यावयाचा, तिच्या तोंडून बोलावयाचे, तिच्या जिवाची काळजी वाहावयाची. एक जण गोष्ट सांगतो. त्याला मुले ‘डीएम’ म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. तो गुहा, अरण्ये, राक्षस उभे करतो. बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासा पडतो. पट लागतोच असे नाही. कीर्तनात श्रोत्यांनी मध्येच उठून कथेतील माणसांची भाषणे करावीत, तसा हा प्रकार. वीस बाजूंचा फासाही नवा नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात प्राचीन काळातील, ग्रीक अक्षरे कोरलेला असा इजिप्तचा फासा ठेवलेला आहे.

हा खेळ आमच्या घरी आला तो घर रिकामे झाल्यामुळे. चिरंजीव नोकरीच्या सोयीसाठी गच्चीबावलीस राहावयास गेले. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतील कितीतरी मराठी कुटुंबांची हीच कथा आहे. १९१६ साली काचीगुड्याचे देखणे रेल्वे स्थानक उभे राहिले. मराठवाड्यातून येणारी गाडी येथे थांबे, आणि तिच्यातून उतरलेली माणसे स्थानकाच्या आसपासच बिऱ्हाड करीत. त्यांची तिसरी-चौथी पिढी आता शहराच्या पश्चिमेस काचेच्या इमारतींकडे गेली. अंतर वीसेक किलोमीटरचे. परंतु भाषेचे अंतर त्याहून अधिक वेगाने वाढते. नातू आणि नात येत, तेव्हा आम्ही मराठीतून लांबलचक प्रश्न विचारावा आणि उत्तर इंग्रजीतून एका शब्दात मिळावे, असा क्रम पडला होता. मुलांचा दोष नव्हता. आजोबांशी बोलण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते आणि आमच्यापाशीही ‘अभ्यास कसा चालला आहे’ यापलीकडे फारसे काही नव्हते.

नातवाला खेळासाठी मोठे टेबल आणि कोणी ‘हळू बोला’ म्हणणार नाही असे घर हवे होते. दोन्ही आमच्याकडे होती. सूत्रधार तो, खेळणारी त्याची धाकटी बहीण आणि समोरच्या घरातील तेलुगू मुलगा. एक गडी कमी पडत होता. तो आम्ही व्हावे असे सुचविण्यात आले, तेव्हा आम्ही एकच अट घातली : आमच्या पात्राशी जो बोलेल त्याने मराठीत बोलावे. समोरच्या मुलाने ती सर्वांआधी मान्य केली. तो आम्हांस ‘तातय्या’ म्हणतो आणि काचीगुड्यात वाढल्यामुळे मराठी त्याच्या कानावरची आहे. सौभाग्यवतींनी मात्र ‘घरात द्यूत नको’ असे बजावले. पण पैसा लागत नाही हे दिसताच त्यांचा विरोध मावळला, आणि पुढे तर त्यांनी एक खातेच सांभाळले. ते पुढे येईल.

आता तिरंदाज. पात्र कोणते घ्यावे हा पहिला प्रश्न. मांत्रिक व्हावे तर मंत्रांची सूची पाठ करावी लागते. तलवारबाज व्हावे तर सदैव पुढे धावावे लागते. नात म्हणाली, ‘‘आजोबांना एका जागी उभे राहून करता येईल असे काहीतरी द्या.’’ तिरंदाज ठरला तो असा. ‘तिरंदाज’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तेथे त्यातील ‘अंदाज’चा अर्थ फेकणारा असा आहे; पण मराठी कानाला त्यात आपला नेहमीचा अंदाजच ऐकू येतो. तिरंदाज घडविताना हा मराठी अर्थच अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : शक्ती, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि छाप. मुलांकडील पुस्तक २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीचे आहे. (२०२४ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली.) त्यातील एका रीतीप्रमाणे १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे मिळतात, ते कोणत्या गुणास द्यावयाचे ते आपण ठरवावे. पात्र मनुष्याचे असेल तर प्रत्येक आकड्यात एकाची भर पडते. तिरंदाजाचा पहिला नियम हा, की सर्वांत मोठा आकडा चापल्यास द्यावा. धनुष्याचा नेम याच गुणावर चालतो, बाणाची इजाही यावरच वाढते आणि अंगावर येणारा वार चुकविण्यासही तोच उपयोगी पडतो. दुसरा आकडा काटकपणास द्यावा, कारण मेलेला तिरंदाज नेम धरीत नाही. तिसरा विवेकास, खेळात दूरचे पाहणे आणि चाहूल घेणे हे विवेकाचे काम मानले आहे, आणि हे आम्हांस फार आवडले. शक्तीस चौथा. छाप या गुणास शेवटचा आकडा मिळाला. ‘‘म्हणजे याचे कोणी ऐकणार नाही,’’ असे नातवाने स्पष्ट केले. आम्ही म्हटले, हरकत नाही, सवय आहे.

शक्तीस चौथे स्थान द्यावयाचे हे आमच्या मनास सहजी पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर येथे खेळ वास्तवापासून दूर गेला आहे. आपल्या परंपरेत धनुष्याची परीक्षा आधी बळाची आणि मग नेमाची. सीतास्वयंवरात शिवधनुष्य उचलून त्यास दोरी चढविणे हाच पण होता. द्रौपदीस्वयंवरात आधी धनुष्यास दोरी चढवावयाची आणि मगच लक्ष्य वेधावयाचे. इंग्लंडच्या राजाचे ‘मेरी रोझ’ नावाचे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्यातील लाकडी धनुष्ये ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक बळ लागत असले पाहिजे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा धनुष्याला चपळाई पुरत नाही. पण खेळ हा खेळ आहे. त्याच्या कायद्याशी भांडत बसणाऱ्याचा तिरंदाज दुबळाच राहतो.

पात्राची जात कोणती यावर वाद झाला. मुलांचा आग्रह ‘एल्फ’चा, म्हणजे यक्ष-गंधर्वांच्या जवळपास जाणाऱ्या वनवासी जातीचा. त्याला अंधारात दिसते, त्याचे चापल्य अधिक असते. आम्ही मनुष्यच घेतला. त्याचे नाव बाणाजी ठेवले. बाणाजीला अंधारात दिसत नाही. कोणीतरी दिवा धरल्यावाचून तो रात्री निरुपयोगी. हे उणेपण आम्ही जाणून घेतले होते. त्याला कोणाची तरी गरज लागावी, एवढाच त्यात हेतू होता.

व्यवसाय योद्ध्याचा. योद्ध्यास पहिल्याच पायरीवर लढण्याची एक खास शैली निवडता येते. तिरंदाजीची शैली निवडली तर प्रत्येक नेमास दोनाची जोड मिळते. ही दोनाची जोड वरवर क्षुल्लक दिसते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. बाणाजीचे चापल्य १६. त्याचे तीन गुण. प्रावीण्याचे दोन. शैलीचे दोन. एकूण सात. वीस बाजूंच्या फाशावर जे दान पडेल त्यात हे सात मिळवावयाचे आणि समोरच्याच्या कवचाच्या आकड्याशी ताडून पाहावयाचे. गोब्लिन नावाच्या ठेंगण्या, कुरापतखोर राक्षसाचा आकडा १५. म्हणजे फाशावर आठ किंवा त्याहून अधिक पडले की बाण लागला. वीसांपैकी तेरा दाने आपली, म्हणजे शंभरांत ६५. शैली नसती तर शंभरांत ५५. दहा बाणांमागे एक बाण अधिक लागतो. आणि लढाई बहुधा एका बाणाच्याच फरकाने जिंकली किंवा हरली जाते.

धनुष्य मोठे घ्यावे. लहान धनुष्याचा बाण ८० फुटांपर्यंत बिनधोक जातो. मोठ्याचा १५० फुटांपर्यंत, आणि नेमाचा भरवसा कमी करून ६०० फुटांपर्यंत. १५० फूट म्हणजे सुमारे ४६ मीटर. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरांवर असते, म्हणजे आमच्या बाणाजीस तेथे सुखाने बसता यावयाचे नाही. सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे एकाच दिवशी वैयक्तिक जगज्जेतेपदे मिळविली, ती चाके लावलेल्या कंपाउंड धनुष्याने, ५० मीटरांवरून. त्याच स्पर्धेत विजयवाड्याच्या ज्योती सुरेखा यांना कांस्यपदक मिळाले. समोरच्या मुलाने हे मोठ्या अभिमानाने सांगितले, आणि त्या रविवारी आमच्या टेबलावर महाराष्ट्र आणि आंध्र असा एक प्रेमाचा तंटा रंगला.

बाण वीस. हे वीस खरोखर मोजावयाचे असतात, आणि येथेच सौभाग्यवतींचे खाते उघडले. त्यांनी डब्यातून वीस चिंचोके काढून वाटीत घातले. बाण सुटला की एक चिंचोका बाहेर. लढाई संपल्यावर मिनिटभर शोधाशोध केली तर सोडलेल्या बाणांपैकी निम्मे परत मिळतात, तेव्हा तितके चिंचोके आत. अर्जुनास खांडववनाच्या वेळी गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाले होते, आमच्याकडे वाटी. पण वाटीने एक गोष्ट शिकविली. बाण मोजके आहेत हे डोळ्यांसमोर दिसत असले की माणूस प्रत्येक हलणाऱ्या सावलीवर बाण सोडत नाही.

बाणाजी हे नाव ठरण्यापूर्वी नातीने एकलव्य हे नाव सुचविले होते. तेव्हा समोरच्या मुलाने विचारले, ‘‘द्रोणाचार्यांनी अंगठाच का मागितला? चित्रात तर सगळे बोटांनी दोरी ओढतात.’’ प्रश्न खरोखर चांगला होता. त्याच्या उत्तरासाठी आम्ही तिघांना सालारजंग संग्रहालयात घेऊन गेलो. तेथे जेड या मौल्यवान दगडाची एक अंगठी आहे. तीवर शहाजहानचा ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’ हा किताब आणि हिजरी १०४० हे वर्ष कोरलेले आहे. ती शोभेची वाटली तरी तिचा आकार तिरंदाजाच्या अंगठ्याचा आहे. आशियातील पुष्कळ भागांत धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढीत. दोरीने अंगठा कापू नये म्हणून तीत अशी अंगठी घालीत. अंगठा गेला की तिरंदाजी गेली. आजचे ऑलिंपिक खेळाडू तीन बोटांनी दोरी ओढतात. एकलव्य त्या रीतीने शिकला असता तर गुरूंना दुसरे काही मागावे लागले असते! घरी परतताना मुलांनी आम्हांस शीतल देवीविषयी सांगितले. जम्मूकडील किश्तवाडची ही मुलगी दोन्ही हात नसताना पायाने धनुष्य धरते, आणि २०२४ साली पॅरिस येथे राकेश कुमार यांच्याबरोबर तिने कांस्यपदक मिळविले. आम्ही त्यांना अंगठी दाखविली, त्यांनी आम्हांस शीतल देवी दाखविली. इतका वेळ आम्ही चौघे एकाच विषयावर बोलत राहिलो, असे तत्पूर्वी कधी घडले नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. येथवर सांगितले त्यावरून तिरंदाज तयार होतो, पण परिणामकारक होत नाही. कारण त्याचे खरे शत्रू कवचाचे आकडे नव्हेत. ते तीन आहेत : जवळीक, आडोसा आणि अंधार. शत्रू पाच फुटांच्या आत येऊन भिडला तर बाण सोडताना फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यांतील लहान दान धरावे लागते. शंभरांत ६५ ची खात्री एकदम ४२ वर येते. मध्ये कोणी उभे असेल, मग तो आपलाच सोबती का असेना, तर शत्रूच्या आकड्यात दोनाची भर पडते. ६५ चे ५५ होतात. तो भिंतीआड पुरता दडला आणि डोकेच दिसू लागले तर पाचाची भर, मग ४०. आणि लक्ष्य अंधारात असेल तर पुन्हा दोन दानांतील लहान. हे तिन्ही शत्रू तिरंदाजाला एकट्याने आवरत नाहीत. पुढे कोणीतरी ढाल घेऊन उभे राहावे लागते, दिवा कोणीतरी धरावा लागतो.

महाभारतकारांना हे ठाऊक होते. अर्जुनाचे कौतुक आपण त्याच्या नेमासाठी करतो, पण भीष्मांवर बाण सोडताना त्याच्यापुढे शिखंडी होता आणि साऱ्या युद्धात रथाचे लगाम श्रीकृष्णाच्या हाती होते. कर्णाचा नेम उणा नव्हता. त्याला शल्य सारथी मिळाला, आणि तो वाटेवर पदोपदी त्याचा तेजोभंग करीत होता. एक जिंकला, एक पडला. त्यात सारथ्यांचा वाटा लहान नव्हता. तिरंदाजाची निवड करणाऱ्याने आधी आपला सारथी पाहावा.

हे आम्ही तत्त्व म्हणून सांगत होतो. त्याचा प्रत्यय आला तो बाणाजी तिसऱ्या पायरीवर असताना. नातीचे पात्र ढाल-तलवार घेऊन पुढे चालणाऱ्या वीरांगनेचे, समोरच्या मुलाचे मंत्रजप करणाऱ्या पुजाऱ्याचे. एका लांबच लांब, सरळ भुयारात चार गोब्लिनांनी वाट अडविली. मिट्ट काळोख. पुजाऱ्याने मंत्र म्हणून नातीच्या ढालीवरच उजेड पाडला आणि पुढच्याच फेरीत एका दगडाने तो बेशुद्ध पडला. ढाल झळकत होती, तिच्या प्रकाशात चौघे राक्षस दिसत होते, आणि ते सारे तिच्यावर तुटून पडले होते. तिच्या आयुष्याचे पाचच गुण उरले होते. वाटीत चिंचोके सहा.

बाणाजीने पुढे धावून तिच्या शेजारी उभे राहावे, असे आम्हांस वाटले. आजोबाला दुसरे काय वाटणार? आम्ही तसे म्हणण्यास तोंड उघडले, तोच नात पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘गोब्लिनांना अंधारात साठ फुटांपर्यंतच दिसते. आजोबा, मागे सरा. मी आहे पुढे.’’

ती हे इंग्रजीत म्हणाली असती तरी चालले असते. पण अट तिच्या अंगवळणी पडली होती. ते शब्द ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. उतारवयात माणसाला ‘मागे सरा’ हे शब्द वेगवेगळ्या रीतींनी ऐकावे लागतात. बँकेचे व्यवहार आता आम्ही पाहू, स्कूटर आता नको, घराचे काय करावयाचे ते आम्ही ठरवू. सगळे प्रेमानेच म्हटलेले असते. तरी प्रत्येक वेळी आपण एकेक पाऊल भिंतीकडे सरकतो असे वाटते. येथे त्याच शब्दांचा हिशेब मात्र निराळा होता. साठ फुटांपलीकडे बाणाजी शत्रूस दिसत नाही, आणि ढालीच्या उजेडामुळे शत्रू बाणाजीस दिसतो. ज्याला तिरंदाज दिसत नाही त्याच्यावर बाण सोडताना फासा दोनदा टाकावयाचा आणि मोठे दान धरावयाचे. नात मध्ये उभी असल्यामुळे शंभरांत ५५ ची जी खात्री होती, ती मागे सरल्यावर ८० झाली.

आम्ही मागे सरलो. सहापैकी चार बाण लागले, तीन गोब्लिन पडले आणि चौथा पळाला. नातीच्या वीरांगनेच्या अंगी दोन गुण शिल्लक होते. तिने जाऊन पुजाऱ्यास शुद्धीवर आणले आणि मग त्या काळोखात बाण शोधावयास सुरुवात केली. तीन चिंचोके वाटीत परत आले.

चौथ्या पायरीवर योद्ध्यास एक निवड करता येते : चापल्य दोनांनी वाढवावे किंवा एखादी विशेष विद्या घ्यावी. तिरंदाजासाठी ‘शार्पशूटर’ ही विद्या प्रसिद्ध आहे, आणि आमच्या पुस्तकात तिची कीर्ती एका धाडसी सौद्यासाठी आहे : नेमातून पाच वजा करावयाचे, आणि बाण लागला तर इजेत दहाची भर. ‘ओगर’ नावाच्या धिप्पाड राक्षसापुढे हा सौदा फायद्याचा पडतो. त्याचा कवचाचा आकडा ११ आणि आयुष्य ५९ गुणांचे असते. तेथे सौद्याशिवाय एका बाणामागे सरासरी सहाच्या थोडी वर इजा होते, सौद्याने साडेदहा. सात गुणांच्या गोब्लिनावर मात्र तो व्यर्थ, कारण सातांऐवजी सतरांनी मेलेला गोब्लिन काही अधिक मेलेला नसतो. नातू या दहाच्या मोहात होता. २०२४ च्या आवृत्तीत हा सौदा काढून टाकला आहे, हेही त्यानेच सांगितले. आम्ही विद्या घेतली ती तिच्यातील दुसऱ्या, नव्या आवृत्तीतही राखलेल्या कलमासाठी : पुढे उभ्या असलेल्या माणसाचा किंवा अर्ध्या भिंतीचा आडोसा या तिरंदाजास बाधत नाही. जो पुढे उभा आहे त्याच्या खांद्यावरून, त्याला ‘बाजूला हो’ न म्हणता, नेमके लक्ष्य गाठता यावे, यासाठी एक सबंध पायरी खर्च करणे आम्हांस स्वस्त वाटले.

आता बाणाजी पाचव्या पायरीवर आहे आणि एका वेळी दोन बाण सोडतो. वाटी लवकर रिकामी होते, म्हणून चिंचोके चाळीस झाले आहेत. नातीचे मराठी अजून अडखळते. ‘ने’ आणि ‘ला’ यांची गल्लत होते, आकडे इंग्रजीत येतात. पण लढाईच्या भरात ती थांबून शब्द शोधते आणि सापडला नाही तर आम्हांस विचारते. ‘आडोसा’ हा शब्द तिने असाच मागून घेतला. ‘पहारा’, ‘भुयार’, ‘माघार’ हेही. पाठांतराने हे शब्द आले नसते. तिला ते लागले, म्हणून आले. गेल्या महिन्यात तिने समोरच्या मुलाला ‘माघार’ आणि ‘पळ’ यांतला फरक समजावून सांगितला : माघार ठरवून घ्यावयाची असते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, जेथे जेथे आपली जुनी घरे आहेत, तेथे थोड्याफार फरकाने हीच स्थिती असेल. घरातील मुले कोणता ना कोणता खेळ खेळत असतील, आणि तो आपल्याला समजणार नाही असे धरून आपण शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू. त्यांच्याकडे एक गडी कमी पडला तर बोलावण्याची फार वाट पाहू नये. नियम अवघड वाटतात, पण ते पंचांगापेक्षा अवघड नाहीत. पात्र कोणतेही घ्यावे. तिरंदाज घेतलात तर मोठा आकडा चापल्यास द्या, धनुष्य मोठे घ्या, बाण मोजून ठेवा. आणि पुढे कोण उभे आहे ते पाहून मगच आपली जागा ठरवा.